गणिताचार्य श्रीखंडे आणि आपला हिशेब

(यवतमाळ जिल्ह्यातील एका बुद्धविहारात, वर्षावासाच्या काळात, विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. ज्यांना त्या दिवशी येता आले नाही, त्या वाचकांसाठी तो येथे देत आहे.)



एका वकिलाने गणितज्ञाच्या चरित्रावर बोलावे, याचे त्या दिवशी काही श्रोत्यांना नवल वाटले. वकिलाने कायद्यावर बोलावे, फार तर धम्मावर बोलावे; गणिताशी त्याचा काय संबंध, असे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होते. तुमच्याही मनात तोच प्रश्न आला असेल. त्याचे उत्तर या लेखाच्या शेवटापर्यंत मिळेल, अशी आशा आहे. प्रथम एवढेच सांगतो की, आपले हक्क ज्या कागदांवर मिळतात किंवा बुडतात, त्या कागदांवर शब्दांइतकेच आकडेही असतात. शब्द वाचणारे आपल्यात आता पुष्कळ झाले. आकडे वाचणारे अजून थोडे आहेत.

गणित हा आपला विषय नव्हे, ही समजूत प्रथम टाकून द्यावयास हवी. भगवान बुद्ध सावत्थीच्या पूर्वारामात, मिगारमातेच्या प्रासादात राहत असताना मोग्गलान नावाचा एक ब्राह्मण त्यांच्याकडे आला. हिशेब हा त्याचा व्यवसाय. म्हणून त्याला गणक मोग्गलान म्हणत. तो म्हणाला की, आमच्याकडे शिष्य आला म्हणजे आम्ही त्याला एकापासून मोजावयास शिकवितो आणि पायरीपायरीने शंभरापर्यंत नेतो. आपल्या धम्मात असा काही क्रम आहे काय? बुद्धांनी होकार दिला आणि शील, इंद्रियसंयम, सावधानता असा आपला क्रम सांगितला. तेव्हा मोग्गलानाने विचारले, मग आपले सर्वच शिष्य शेवटास पोहोचतात काय? बुद्ध म्हणाले की काही पोहोचतात, काही पोहोचत नाहीत. मी वाट दाखविणारा आहे, चालणे ज्याचे त्याने करावयाचे आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा संवाद 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मुद्दाम घेतला आणि बुद्ध हे मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हे त्यावरून दाखवून दिले. हिशेब शिकविण्याची रीत आणि धम्म शिकविण्याची रीत एकाच प्रकारची आहे, हे ज्या धम्मात सांगितले आहे, त्या धम्माच्या उपासकांनी गणिताला परके मानू नये.

आता ज्यांच्याविषयी बोलावयाचे, ते शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. त्यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी मध्य प्रदेशातील सागर येथे झाला. घरात दहा भावंडे. शिक्षणासाठी ते नागपुरास आले आणि तेथील शासकीय विज्ञान महाविद्यालयातून बी.एस्सी. ऑनर्सची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. त्या काळी आपल्या यवतमाळ जिल्ह्याचेही विद्यापीठ नागपूरच होते. अमरावतीचे विद्यापीठ १९८३ साली झाले. म्हणून श्रीखंडे हे जन्माने सागरचे असले, तरी ज्या विद्यापीठाच्या छायेत आपला जिल्हा साठ वर्षे शिकला, त्या विद्यापीठाचे ते विद्यार्थी होते. पुढे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांना राजचंद्र बोस हे गुरू लाभले. नागपूरच्या त्याच विज्ञान महाविद्यालयात श्रीखंडे यांनी अध्यापन केले. नंतर ते अमेरिकेस गेले आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातून, बोस यांच्याच मार्गदर्शनाखाली, १९५० साली पीएच.डी. झाले.

ते आपल्या समाजात जन्मले नव्हते, हे सांगावयास संकोच नको. शाळेच्या पायरीवर बसून शिकण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. ज्यांच्यावर ती आली, त्यांच्यात श्रीखंड्यांच्या तोडीचे किती गणिती होते आणि ते गुरे राखण्यात व वेठबिगारीत कसे संपले, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. तरीही त्यांच्या चरित्रातून आपण घ्यावयाच्या दोन गोष्टी आहेत, आणि त्या त्यांच्या गणितातच आहेत.

पहिली गोष्ट आपल्या ओळखीच्या शेतावरून सांगतो. आपला जिल्हा कापसाचा. एखाद्या शेतकऱ्याला कापसाच्या चार वाणांपैकी कोणते चांगले हे ठरवावयाचे आहे. त्याचे शेत सगळे सारखे नाही. नाल्याकडची जमीन काळी व कसदार. वर उताराकडची मुरमाड व बरड. एका बाजूस ओलावा अधिक, दुसऱ्या बाजूस कमी. त्याने पहिले वाण काळ्या जमिनीत पेरले, चौथे मुरमाड जमिनीत पेरले, आणि दिवाळीनंतर वजन करून सांगितले की पहिले वाण उत्तम, चौथे निकृष्ट, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? तुम्ही म्हणाल की बाबा रे, तू वाण मोजले नाहीस, जमीन मोजलीस.

यावर गणिताने काढलेला उपाय असा. शेताचे आडवे चार व उभे चार पट्टे पाडून सोळा तुकडे करावेत, आणि वाणांची मांडणी अशी करावी की, प्रत्येक आडव्या पट्ट्यात प्रत्येक वाण एकदाच येईल आणि प्रत्येक उभ्या पट्ट्यातही एकदाच येईल. मग चांगल्या व वाईट जमिनीचा वाटा सर्वांच्या पदरी सारखा पडतो. आता जो फरक दिसेल, तो वाणाचा. या मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात, आणि शेतीच्या प्रयोगांत ती जगभर वापरली जाते. वाणांबरोबर चार प्रकारची खतेही तपासावयाची असतील, तर असे दोन चौरस एकमेकांवर अशा रीतीने ठेवावयाचे की प्रत्येक वाणाची प्रत्येक खताशी एकदाच गाठ पडेल. अशा न्याय्य मांडण्या कशा करावयाच्या, कोणत्या शक्य आहेत आणि कोणत्या अशक्य, हेच श्रीखंडे यांच्या आयुष्याचे काम होते.

बंधुभगिनींनो, आरक्षणाची गोष्ट निघाली की 'गुणवत्ता' हा शब्द आपल्या तोंडावर फेकला जातो. त्या वेळी हे सोळा तुकड्यांचे शेत डोळ्यांपुढे आणा. एका मुलाच्या तीन पिढ्या पुस्तकांत वाढल्या. दुसऱ्याच्या आजोबाला पाणवठ्यावर जाण्याचीही बंदी होती. दोघांना एका दिवशी, एका परीक्षेस बसवून वजन केले आणि त्यालाच गुणवत्ता म्हटले, तर ते वाणाचे मोजमाप नव्हे, जमिनीचे होय. आपण दयेची याचना करीत नाही. प्रयोग नीट मांडा, एवढेच आपले म्हणणे आहे. घटनेचे कलम १६ (४) हे त्या मांडणीचे कलम आहे.

दुसरी गोष्ट प्रामाण्याची. लेओनार्ड ऑयलर हा अठराव्या शतकातील सर्वश्रेष्ठ गणिती. त्याने असा प्रश्न घेतला की, सहा पलटणींतील सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी चौरसात असे उभे करता येतील काय, की प्रत्येक रांगेत व प्रत्येक ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच येईल? त्याला ते साधले नाही. १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने असे अनुमान मांडले की, हे सहाला शक्य नाही, आणि ज्या ज्या संख्येला चाराने भागले असता दोन उरतात, म्हणजे दहा, चौदा, अठरा, बावीस, अशा कोणत्याही संख्येला शक्य नाही. सहाच्या बाबतीत तो बरोबर होता. तारी नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी सर्व शक्यता तपासून ते सिद्ध केले. परंतु पुढच्या संख्यांचे काय? ऑयलरने म्हटले आहे ना, मग ते खरेच असणार, असा समज रूढ झाला. एवढेच नव्हे, तर काही विद्वानांनी त्याच्या अनुमानाच्या सिद्धताही प्रसिद्ध केल्या, आणि त्या चुकीच्या निघाल्या. मोठ्याचे वाक्य खरे आहे हे आधी ठरवून मागाहून पुरावा शोधावयास निघाले, म्हणजे असेच व्हावयाचे.

१९५९ साली बोस आणि श्रीखंडे यांनी बावीस या संख्येसाठी अशी मांडणी प्रत्यक्ष करून दाखविली. अर्नेस्ट पार्कर या अमेरिकन गणितज्ञाने दहाची मांडणी केली. मग तिघांनी मिळून सिद्ध केले की दोन आणि सहा एवढे अपवाद सोडले, तर ऑयलरचे अनुमान सर्वत्र खोटे आहे. २६ एप्रिल १९५९ रोजी न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने ही बातमी पहिल्या पानावर छापली. १७७ वर्षे ज्या वाक्यापुढे जगाने मान तुकविली, ते वाक्य खोडून काढणाऱ्या तिघांत आमच्या नागपूरच्या महाविद्यालयाचा एक शिक्षक होता.

ही घटना घडण्यापूर्वी अडीच वर्षे, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्याच नागपुरात बाबासाहेबांनी लक्षावधी लोकांसह धम्मदीक्षा घेतली. या दोन गोष्टींची तुलना मी करीत नाही. एक मानवमुक्तीची, दुसरी विद्येची. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच वृत्ती आहे. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा आदरणीय गुरूने सांगितले म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा उपदेश बुद्धांनी कालामांना केला होता. शूद्रातिशूद्रांना विद्येचा अधिकार नाही, हेही एक अनुमानच होते. ते १७७ वर्षे नव्हे, दोन हजार वर्षे प्रमाण मानले गेले. बाबासाहेबांनी ते प्रत्यक्ष मांडणी करून खोडून काढले. एक तर स्वतः शिकून, आणि दुसरे म्हणजे सिद्धार्थ व मिलिंद ही महाविद्यालये उभारून.

श्रीखंडे यांचे पुढचे आयुष्य अध्यापनात गेले. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी शिकविले. नंतर मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे ते प्रमुख झाले आणि १९७८ साली निवृत्त झाले. १९५९ सालीच त्यांनी अभ्यासिलेला सोळा बिंदूंचा एक आलेख आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. २१ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, ते विजयवाडा येथे निवर्तले. ज्यास गणिताचा ध्यास आहे त्यास नोकरी असावी, ग्रंथालय असावे, शिष्य असावेत, हे सर्व त्यांना मिळाले, आणि म्हणून त्यांचे गणित फळास आले.

आता कायद्याकडे वळतो. गणिताचा प्राध्यापक होण्यास बुद्धी लागते, तशी एक जागाही लागते, आणि त्या जागेचा हिशेब बिंदुनामावलीत होतो. केंद्र सरकारच्या संस्थांत अनुसूचित जातींस १५ टक्के, अनुसूचित जमातींस साडेसात टक्के आणि इतर मागासवर्गीयांस २७ टक्के आरक्षण आहे. केंद्रीय विद्यापीठांत २००६ पासून संपूर्ण विद्यापीठ हे एक एकक मानून ते मोजले जात होते. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने निर्णय दिला की एकक विद्यापीठ नसून विभाग असावा. ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने तसा आदेश काढला, आणि २२ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाविरुद्धचे अर्ज फेटाळले. वरवर पाहता यात काही बिघडले असे दिसत नाही. टक्केवारी तीच, कलम तेच. बदलला तो फक्त एक शब्द.

पण हिशेब करून पाहा. सहा पदांचे १५ टक्के म्हणजे नव्वद शतांश. पुरे एक पद होत नाही. सात पदांचे १०५ शतांश होतात. म्हणून अनुसूचित जातीचा बिंदू सातव्या नेमणुकीवर येतो. तेरा पदांचे साडेसात टक्के म्हणजे साडेसत्याण्णव शतांश. म्हणून अनुसूचित जमातीचा बिंदू चौदाव्या नेमणुकीवर जातो. शंभर पदांचे विद्यापीठ एक एकक धरले, तर १५ पदे अनुसूचित जातींची आणि ७ पदे जमातींची. तीच शंभर पदे दोन-दोन पदांच्या पन्नास विभागांत वाटली, तर प्रारंभी एकाही विभागात एकही पद नाही. पुढे? दोन पदांच्या गणित विभागात प्रत्येक जण तीस वर्षे नोकरी करतो असे धरा. सातवी नेमणूक नव्वद वर्षांनी येईल. चौदावी एकशे ऐंशी वर्षांनी. आपल्या जिल्ह्यातील कोलामाच्या किंवा गोंडाच्या लेकराने ऑयलरच्या अनुमानापेक्षाही तीन वर्षे अधिक वाट पाहावी, असा याचा अर्थ झाला.

हा हिशेब शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी देशभर लोकांपुढे मांडला. आंदोलने झाली, ५ मार्च २०१९ रोजी भारत बंद पाळण्यात आला. त्याच महिन्यात सरकारला अध्यादेश काढावा लागला आणि जुलै २०१९ मध्ये संसदेने कायदा करून संपूर्ण संस्था हेच एकक ठरविले. तात्पर्य, कलम शाबूत असतानाही केवळ भागाकार बदलून हक्क नाहीसा करता येतो, आणि भागाकार समजणारे लोक जागे असले तर तो परत मिळविताही येतो. तरीही काम पुरे झालेले नाही. त्या कायद्याच्या अनुसूचीतील काही संस्थांना तो लागू नाही, आणि त्यांत टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे देशातील गणित-संशोधनाचे एक प्रमुख केंद्र, समाविष्ट आहे.

धर्मांतरितांना या हिशेबाची एक जुनी जखमही आहे. आपल्या वाडवडिलांनी १९५६ साली दीक्षा घेतली, आणि धर्म बदलला म्हणून केंद्राच्या यादीतून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांस सवलती दिल्या. केंद्राने मात्र १९९० साली कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत दिल्या नाहीत. चौतीस वर्षे! जाती गेल्या नव्हत्या, गावकुसाबाहेरचे घर तेथेच होते, विटाळ मानणारे शेजारी तेच होते. कागदावरचा एक शब्द तेवढा बदलला होता. त्या चौतीस वर्षांत जी मुले पदवीधर झाली, त्यांच्यापैकी किती जण केंद्राच्या विद्यापीठांत व प्रयोगशाळांत जाऊ शकले असते, हा आकडा कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही.

एक अनुभव सांगतो. काही काळापूर्वी जिल्ह्यातील एका खेड्यातली एक मुलगी माझ्या कार्यालयात आली. गणितात एम.एस्सी., प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण, आणि तासिका तत्त्वावर शिकवीत असलेली. एका संस्थेने गणिताचे एक पद खुले म्हणून जाहीर केले होते. तिने माहितीच्या अधिकाराखाली बिंदुनामावलीची नोंदवही मागविली होती आणि तिच्या प्रती घेऊन ती आली होती. मी सवयीप्रमाणे शासननिर्णय चाळू लागलो. ती म्हणाली, "साहेब, निर्णय मागाहून पाहू. आधी तारखा पाहा." तिने नेमणुकांच्या रुजू होण्याच्या तारखा एका कागदावर क्रमाने लिहून आणल्या होत्या. नोंदवहीतला क्रम आणि तारखांचा क्रम जुळत नव्हता. दोन नावांची अदलाबदल झाली होती, आणि त्या अदलाबदलीत आरक्षित बिंदू मागे सरकला होता. वीस वर्षे वकिली करूनही माझ्या ध्यानात जे आले नसते, ते तिने एका दृष्टीत दाखविले. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. म्हणून त्याविषयी अधिक बोलत नाही. मात्र त्या दिवशी मला कळले की आपल्या चळवळीला यापुढे वकिलांइतकीच गणितींची गरज आहे.

म्हणून, वाचकहो, तीन कामे सांगून थांबतो. पहिले, आठवीनववीत मुलगा, आणि विशेषतः मुलगी, गणितास घाबरू लागली की 'आपल्याला कुठे जमायचे' असे घरात कोणीही म्हणू नये. गणक मोग्गलानाचे शिष्य एकापासूनच आरंभ करीत होते. ज्या विहारात दिवा आणि फळा आहे, तेथे आठवड्यातून दोन संध्याकाळी गणिताचा वर्ग चालावा. शिकविणारा पदवीधर प्रत्येक तालुक्यात आज आहे. दुसरे, आपल्या तालुक्यातील प्रत्येक अनुदानित महाविद्यालयाची बिंदुनामावली कोणी तरी मागवावी आणि तारखांशी ताडून पाहावी. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. तो आपण जन्ममृत्यूच्या दाखल्यांपुरता ठेवला आहे. राज्याच्या कायद्यात अनुसूचित जातींस १३ आणि जमातींस ७ टक्के आहेत, हे ध्यानात ठेवून हिशेब करावा. तिसरे, कोणी गुणवत्तेची गोष्ट काढली, तर रागाने उठून जाऊ नये. त्याला शेताच्या बांधावर न्यावे, नाल्याकडची जमीन दाखवावी, उतारावरची दाखवावी, आणि विचारावे की यात वाणाची परीक्षा तू कशी करणार?

व्याख्यान संपल्यावर त्या दिवशी दहावीतील एक मुलगा फळ्याजवळ रेंगाळत राहिला. मी तेथे चार गुणिले चारचा चौरस काढून ठेवला होता. त्याने विचारले, "सहाला जमत नाही म्हणता, तर मी करून पाहू का?" मी म्हणालो, अवश्य पाहा, तारीचे किंवा माझे म्हणणे आहे म्हणून मानू नकोस. मी निघालो तेव्हा तो खडू हातात घेऊन उभाच होता.

जय भीम.